कुरणावर बर्फ बसला की रेनडिअरला कसं जगवायचं

पाऊस थांबून थंडी पडली की आधी फावडं उचला. पेंडीच्या पोत्याला हात नंतर लावायचा.

उत्तर नॉर्वेत कौतोकेइनोला माझं सासर आहे. घर सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, पिढ्यान्‌पिढ्या रेनडिअर पाळणारं. हिवाळ्यात कुणी कळपावर मदतीला आलं की पहिल्याच दिवशी मी दोन गोष्टी सांगते. ‘तुमची जनावरं किती?’ असं इथे कुणालाही विचारायचं नाही. ते एखाद्याला बँकेत किती पैसे आहेत असं विचारण्यासारखं आहे. आणि उपाशी जनावर दिसलं की जीव कळवळतो, पण घाईने त्याच्यापुढे चारा टाकायचा नाही.

रेनडिअर हिवाळ्यात हिमाखालचं लायकेन खातं. लायकेन म्हणजे दगडफुलाचं भाईबंद, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारं. त्याचा वास जनावराला हिमातूनही येतो आणि पुढच्या खुरांनी खड्डा करून ते खालपर्यंत पोचतं. पण भर हिवाळ्यात पाऊस झाला तर पाणी झिरपून जमिनीलगत गोठतं आणि लायकेन बर्फात चिणलं जातं. या थराला सामी भाषेत ‘चुओह्की’ म्हणतात. मग वासही अडतो आणि खूरही चालत नाही. अशी वर्षं पूर्वीही यायची, पण घरातली म्हातारी माणसं ती बोटांवर मोजायची. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे आणि हिवाळ्यातल्या पावसाची धास्ती आता दरवर्षीचीच झाली आहे. रशियात यमाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३मध्ये असाच पाऊस झाला. त्या हिवाळ्यात नेनेत्स पशुपालकांची ६१ हजार जनावरं उपासमारीने गेली.

खड्डा घ्यायचा तो अस्पर्श हिमात. स्नोमोबाइलच्या वाटेवर किंवा कळपाने आधी उकरलेल्या जागी हिम घट्ट होऊन बसतं, तिथला खड्डा तुम्हाला फसवतो. आधी स्कीची काठी सरळ खाली दाबा. ती अडखळत गेली तर मध्ये थर आहेत. शेवटी टक्‌ असा आवाज आला तर जमिनीवर बर्फ आहे. मग जमीन लागेपर्यंत खणा आणि खड्ड्याची एक भिंत हातमोज्याने पुसून गुळगुळीत करा, म्हणजे थर दिसतात. तळाशी जाड साखरेसारखे सुटे दाणे असतील तर ते ‘सेअङाश’, सगळ्यात चांगलं हिम, खुराच्या एका फटक्यात उडणारं. आता हातमोजा काढा आणि बोटांनी लायकेन ओढून बघा. मऊ, झुपक्याने निघालं तर ठीक. बर्फाच्या खड्यासकट निघालं तर ती जागा बंद झाली.

एका खड्ड्यावर ठरवू नका. माझे सासरे दिवसभरात दहा-बारा खड्डे घेतात. उघडा माळ, बर्चची झाडी, उताराच्या दोन्ही बाजू आणि वाऱ्याने हिम उडवून नेलेली टेकडीची पाठ. डिसेंबरात इथे सूर्य उगवत नाही, दुपारी थोडा निळसर उजेड असतो तेवढाच, म्हणून डोक्याला बॅटरी हवी. कुठे तरी कुरण उघडं सापडलं तर कळप तिकडे न्या, तोच खरा उपाय. मात्र कुरणं ‘सीदा’त, म्हणजे एकत्र जनावरं राखणाऱ्या कुटुंबांच्या गटांत, वाटलेली असतात. शेजारच्या सीदाशी बोलल्याशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही.

कुठेच उघडं नसेल तर चारा. इथे माझं ऐका, कारण पहिल्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक मादी गेली. केसांत हात घातला तर बरगड्या लागत होत्या. मी कवळाभर वाळलं गवत आणून तिच्यापुढे टाकलं आणि ती खातेय म्हणून आनंदाने बघत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी ती बसली, ती उठलीच नाही. सासऱ्यांनी पोट उघडून दाखवलं. कोठीपोट, म्हणजे चारा आधी जिथे साठतो ते मोठं पोट, गवताने गच्च भरलेलं होतं, काडीसुद्धा पचलेली नव्हती. ‘पोट भरलं होतं गं, पण ती उपाशीच मेली,’ ते म्हणाले. उपासात कोठीपोटातले चारा पचवणारे जिवाणू मरतात आणि लायकेनला सरावलेल्या पोटाला राठ गवत मुळात झेपतच नाही.

म्हणून बरगड्या लागायची वाट पाहू नका. कुरण बंद झालं हे कळलं त्याच दिवशी सुरुवात करा. पहिले दिवस उन्हाळ्याअखेर गोळा करून ठेवलेलं लायकेनच द्या. त्यात रेनडिअरसाठी बनवलेली पेंड मूठभर मिसळा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम जास्त पेंड दिली तर पोटात आम्ल होतं, हगवण लागते. मुरघास कोवळ्या, पानांच्या गवताचा असेल तरच वापरा. रोज लेंड्या बघा. त्या सुट्या आणि घट्ट हव्यात. पोटाखालचे केस ओले दिसले तर ते जनावर लगेच बाजूला काढा.

चारा एका ढिगात कधीच नको. लांब ओळीत, अंतराअंतराने ठेवा. नरांची शिंगं हिवाळ्यात गळालेली असतात, गाभण माद्यांची टिकून असतात, म्हणून त्या पुढे होतात. अशक्त पाडसं मागे राहतात, त्यांच्यासाठी ओळीचं टोक राखून ठेवा. जागा रोज बदला. घाणीत गर्दी झाली की डोळे येतात आणि साथ कळपभर पसरते. डोळ्यातून पाणी दिसलं की वेगळं बांधा आणि पशुवैद्याला बोलवा. कोरड्या चाऱ्यावर तहान लागते, म्हणून जवळ स्वच्छ हिम हवंच.

बाकी काळोखात काही दिसत नसेल तर कान द्या. चालताना रेनडिअरच्या पायातली शीर हाडावरून सरकून टिक्‌-टिक्‌ वाजते. कळप शांतपणे चरत असला की तो आवाज सगळीकडून थोडाथोडा येतो. सगळा आवाज एकाच दिशेने दूर जाऊ लागला तर जनावरं चाऱ्याच्या शोधात निघाली आहेत, लगेच उठा.

कुरण उघडलं तरी चारा एकदम तोडू नका, आठवडाभर कमी करत आणा. धडधाकट जनावरं आपण होऊन खणायला जातात. ओळीपाशी मागे कोण राहतं ते बघून ठेवा. ती घरामागच्या कुंपणात आणायची, मे महिन्यात माद्या व्यायला लागेपर्यंत.