ग्रामीण जिल्ह्याच्या अर्थकारणात दुग्धव्यवसायाचा वाटा कसा मोजावा

एखाद्या ग्रामीण जिल्ह्यात दुग्धव्यवसायाला किती महत्त्व आहे, असे विचारले की बहुतेक अहवाल वर्षभरात विकल्या गेलेल्या दुधाची रक्कम पुढे करतात. ती रक्कम मोठी दिसते. पण तिच्यातला बराच भाग खुराक, औषधे आणि इंधन यांच्या वाटेने जिल्ह्याबाहेर निघून गेलेला असतो. जिल्ह्याच्या दृष्टीने कामाचा आकडा म्हणजे हे सारे वजा जाऊन गावांत जे उरते तो. तो काढण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. हिशेबाची शिस्त मात्र लागते, कारण एकच रक्कम दोनदा मोजली जाण्याचा धोका या कामात पावलोपावली असतो.

सुरुवात जनावरांपासून करावी आणि गणनेतल्या एकूण संख्येला सरासरी दुधाने गुणण्याचा मोह टाळावा. गाईचा गाभणकाळ सुमारे 280 दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे 310 दिवसांचा असतो; एका वेतातील, म्हणजे एकदा व्याल्यानंतरच्या, दुधाचा प्रमाण काळ 305 दिवस धरतात आणि पुढील वेतापूर्वी साधारण 60 दिवस जनावर आटवावे, म्हणजे त्याचे दूध काढणे थांबवावे, लागते. त्यामुळे दुभत्या जातीच्या 100 गाई असल्या तरी कोणत्याही एका दिवशी त्या सगळ्या दूध देत नसतात. दोन वेतांमधील अंतर 13 महिने असेल, तर सुमारे 77 गाई दुधात सापडतात. तेच अंतर 15 महिन्यांवर गेले आणि दुधाचा काळ तेवढाच राहिला, तर सुमारे 67. म्हणजे केवळ वेळेवर गाभण न राहिल्याने शंभरांच्या कळपातील दहा गाई दुधाविना खात उभ्या राहतात, आणि हा तोटा विक्रीच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून पाहणी करताना दुभत्या, भाकड व गाभण जनावरांची आणि वाढत्या कालवडी-पारड्यांची नोंद वेगवेगळी घ्यावी; शिवाय ती वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत घ्यावी, कारण विण्याचा हंगाम ठरावीक महिन्यांत एकवटलेला असेल, तर एकाच भेटीवरून वर्षाचा अंदाज हमखास चुकतो.

दुधाचे मोजमाप लिटरमध्ये आहे की किलोमध्ये, हे प्रत्येक नोंदवहीत तपासावे. एक लिटर दुधाचे वजन सुमारे 1.03 किलो भरते, त्यामुळे दोन्ही एककांची सरमिसळ झाली की जिल्ह्याच्या आकड्यात तीन टक्क्यांची चूक शिरते. त्याहून मोठी चूक होते ती पातळ आणि घट्ट दुधाची सरळ बेरीज करण्याने. दुधातील फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजण्याची सोपी, स्वस्त पद्धत स्टीफन बॅबकॉक यांनी 1890 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात शोधली. तेव्हापासून फॅटनुसार दाम देणे व्यवहारात शक्य झाले. तुलनेसाठी सगळे दूध 4 टक्के फॅटच्या मापात आणावे: दुधाच्या वजनाच्या 0.4 पटीत फॅटच्या वजनाची 15 पट मिळवली की ते माप मिळते. 6 टक्के फॅटचे 100 किलो दूध या हिशेबाने 130 किलो ठरते, तर 3.5 टक्के फॅटचे 100 किलो दूध 92.5 किलो. ज्या जिल्ह्यात गाई आणि म्हशी दोन्ही आहेत, तिथे हे रूपांतर केल्याशिवाय एका तालुक्याची दुसऱ्याशी तुलना करू नये.

उत्पादनाचे मूल्य काढताना विकलेल्या दुधाबरोबर घरी वापरलेले दूधही धरावे. राष्ट्रीय हिशेबाच्या पद्धतीतही शेतकऱ्याने स्वतःसाठी पिकवलेल्या मालाला स्थान आहे. विकलेली जनावरे आणि विकलेले शेणखतही त्यात येते. कळपात वाढणाऱ्या कालवडींचे मूल्य बहुतेक जण विसरतात. वास्तविक ती गुंतवणूक आहे आणि तिच्यावर वर्षभर चारा व श्रम खर्च झालेले असतात; खर्च मोजायचा आणि वाढलेले जनावर मोजायचे नाही, असा हिशेब धंद्याला विनाकारण तोट्यात दाखवतो.

आता खर्चाकडे. सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा, कारण दूध उत्पादनाच्या खर्चात चारा आणि खुराक यांचाच वाटा बहुधा निम्म्याहून अधिक असतो. मूल्यवर्धन काढताना उत्पादनमूल्यातून फक्त गोठ्याबाहेरून घेतलेला माल आणि सेवा वजा करायच्या: वैरण, पेंड, औषधे, रेतन, वीज, डिझेल, दुरुस्ती. मजुरी वजा करायची नाही आणि कर्जावरचे व्याजही नाही. शेतकऱ्याच्या खिशाच्या दृष्टीने ते खर्च असले, तरी जिल्ह्याच्या दृष्टीने मजुरी हे कोणाचे तरी उत्पन्नच असते. व्याज बाहेरच्या बँकेकडे जात असेल, तर त्याची नोंद गळतीत, म्हणजे जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या पैशात, स्वतंत्रपणे करावी. नफा-तोट्याचा ताळेबंद आणि मूल्यवर्धनाचा हिशेब यांत गल्लत झालेले अहवाल, दुर्दैवाने, कमी नाहीत.

स्वतःच्या शेतातील चाऱ्याचा प्रश्न किचकट आहे. मका कापून त्याचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) केला आणि तो स्वतःच्याच गाईंना घातला, तर त्याची किंमत एकतर पिकाच्या उत्पादनात आणि दुधाच्या खर्चात अशी दोन्ही ठिकाणी धरावी, नाहीतर कुठेच धरू नये. एका ठिकाणी धरून दुसऱ्या ठिकाणी सोडली, की जिल्ह्याची एकूण बेरीज एकतर फुगते, नाहीतर आक्रसते. माझ्या मते दोन्हीकडे धरणे अधिक चांगले, कारण जिल्ह्यातील किती जमीन प्रत्यक्षात गोठ्यासाठी राबते आहे, हे त्यातून उघड होते. पाहणीच्या अर्जात मात्र चाऱ्यासाठी ‘विकत’, ‘घरचा’ आणि ‘चराई’ असे तीन रकाने ठेवावेत. एकच रकाना ठेवला, तर शेतकरी केवळ विकतच्या चाऱ्याचा आकडा सांगतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गोठ्यांचे उत्पादनमूल्य 100 आहे. त्यातून जिल्ह्यातलीच वैरण 25, खुराक 25 आणि औषधे, इंधन, सेवा वगैरे 10 असे एकूण 60 वजा झाले, तर थेट मूल्यवर्धन 40. पण वजा केलेले 60 सगळेच बाहेर गेलेले नाहीत. वैरण पिकवणाऱ्याने बियाणे, खत आणि इंधनावर 10 खर्च केले असतील, तर त्याच्याकडे 15 उरले. खुराकाचा कारखाना जिल्ह्यात असूनही धान्य आणि पेंड बाहेरून येत असेल, तर तिथे समजा 3 उरले. पशुवैद्य, वाहतूकदार व दुरुस्ती करणारे यांच्याकडे 4. एकूण 62 जिल्ह्यात राहिले आणि 38 बाहेर गेले. खुराकासाठीचा मका जिल्ह्यातच पिकू लागला, तर एक थेंबही दूध न वाढता हा 62 चा आकडा वर सरकतो. धोरण आखणाऱ्याला विक्रीच्या रकमेतून हे कधीच कळणार नाही.

अशा एकमेकांत गुंतलेल्या व्यवहारांचा तक्ता मांडण्याची रीत वासिली लिऑन्टिफ यांनी 1936 पासून विकसित केली आणि त्याबद्दल त्यांना 1973 मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. त्या तक्त्यावरून निघणारे गुणक, म्हणजे एका व्यवसायातील मागणी एका रुपयाने वाढली की एकूण अर्थकारणात किती भर पडते ते सांगणारे आकडे, तयार मिळतात, म्हणून संपूर्ण देशाचा गुणक उचलून जिल्ह्याला लावण्याची घाई होते. प्रदेश जितका लहान, तितकी त्याची बाहेरून खरेदी जास्त, आणि म्हणून गुणक कमी. देशाचा गुणक जिल्ह्याला लावला की फुगलेले उत्तर येते.

दूध प्रक्रियेचे कारखाने मोजताना त्यांची उलाढाल गोठ्यांच्या विक्रीत मिळवू नये. कारखान्याने 100 चे दूध घेतले, 15 चा इतर माल आणि सेवा घेतल्या आणि 140 ची उत्पादने विकली, तर त्याची भर फक्त 25 ची. प्रक्रिया जिल्ह्यात होते की नाही, याला मात्र फार महत्त्व आहे. दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते आणि एक किलो कठीण चीज करायला साधारण 10 लिटर दूध लागते. त्यामुळे उत्पादन जवळ झाले, तर वाहतुकीचा भार हलका होतो आणि ती 25 ची भरही घरच्या अंगणात पडते.

जिल्हा या व्यवसायात इतरांपेक्षा किती पुढे आहे, हे रोजगाराच्या गुणोत्तरावरून पाहता येते. जिल्ह्यातील एकूण रोजगारात दुग्धव्यवसायाचा वाटा 6 टक्के आणि देशात 2 टक्के असेल, तर गुणोत्तर 3 येते. ते 1 च्या वर असेल, तर जिल्हा गरजेपेक्षा जास्त दूध काढून बाहेर पाठवत असण्याची शक्यता मोठी. यासाठी माणसे मोजण्यापेक्षा कामाचे तास मोजावेत. धारा काढणे, शेण उचलणे, वासरांना पाजणे ही रोज दोन वेळची कामे घरातल्या बायका ‘काम’ म्हणून सांगतच नाहीत, त्यामुळे कुटुंबप्रमुखाला एकट्याला विचारलेली पाहणी अर्धवट राहते.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात: दुग्धव्यवसाय नसता तर काय झाले असते? जमीन काही ओस पडली नसती. आधीच्या उदाहरणात थेट मूल्यवर्धन 40 आहे. तीच जमीन आणि तेच श्रम इतर पिकांना लावून 22 मिळाले असते, तर दुधामुळे झालेली निव्वळ भर 18 ची. पण पिकांचे अवशेष, बांधावरचे गवत आणि उताराची पडीक जमीन यांना दुसरा उपयोग नसेल, तर त्यांच्यावर पोसलेल्या दुधाच्या बाबतीत पर्यायी उत्पन्न शून्याच्या जवळ धरावे लागते आणि भर वाढते. त्याच वेळी, पिकाचा पैसा हंगामातून एकदा येतो आणि दुधाचा ठरावीक दिवसांनी येत राहतो, या फरकाची किंमत या वजाबाकीत येत नाही. ती मासिक उत्पन्नाच्या चढउताराचा वेगळा तक्ता करूनच दाखवावी.