स्पीकर तेच, आवाज मात्र सुधारलेला

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या दिवाणखान्यात गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि मोठी काचेची खिडकी आहे. अशा खोलीत चांगले स्पीकरही कर्कश वाटतात, म्हणून नवीन खरेदीआधी खोलीकडेच लक्ष द्यावे.

प्रथम दोन्ही स्पीकर शोकेसमधून बाहेर काढावेत. स्पीकर कोपऱ्यात किंवा भिंतीला चिकटून असला की खालचे स्वर फुगतात आणि तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहतो, त्यामुळे मागे निदान एक-दीड फूट जागा सोडावी. दोन स्पीकर आणि आपली बैठक यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, तसेच ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर यावा. समोर जाड सतरंजी किंवा घोंगडी अंथरली आणि खिडकीला जाड पडदा लावला, तर आवाजाची खणखण बरीच कमी होते.

वायरी मात्र अवश्य तपासाव्यात. आमच्याकडे एका स्पीकरची लाल-काळी जोडणी उलट झाली होती आणि कित्येक महिने तंबोरा पातळ, विखुरलेला ऐकू येत होता. स्क्रू सैल करून दोन टोके अदलाबदल करताच तो भरदार झाला. अर्थात, ॲम्प्लिफायर बंद करूनच वायरीला हात लावावा.

शेवटी परीक्षेसाठी १९५५ साली निवर्तलेल्या शास्त्रीय गायक द. वि. पालुसकरांचे एखादे मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारे, ध्वनिमुद्रण लावावे. मांडणी बरोबर असेल, तर गाणे दोन्ही स्पीकरच्या अगदी मधोमध, जणू समोरच्या मोकळ्या जागेतून, ऐकू येते. ते एका बाजूला सरकले, तर स्पीकर बोटभर हलवून पुन्हा ऐकावे.