किल्ल्यांवरच्या युद्धखुणांचे फोटो काढताना या चुका टाळा

फेब्रुवारी १८१८ मध्ये सेनापती हिस्लॉपच्या इंग्रजी फौजेनं तापीकाठचा थाळनेरचा किल्ला घेतला. हे ठाऊक असलं की तटातलं प्रत्येक भगदाड तोफेच्या नावावर जमा होतं. सगळ्यात मोठी चूक हीच. तापीचा पूर, पिंपळाची मुळं, घरासाठी दगड काढून नेणारे हात, यांनीही तट पडतात. म्हणून फोटोच्या नावात ‘तोफगोळा’ लिहू नका. खळग्याची रुंदी, खोली, भेगांची दिशा लिहा. अंदाज वेगळ्या रकान्यात.

त्यात आपला काळा पाषाण हमखास फसवतो. त्यात मुळातच वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं असतात. काहींत पांढरं खनिज भरलेलं असतं. ते गळून पडलं की गोळी लागल्यासारखं दिसतं. अगदी जवळ जाऊन बघा. अशा छिद्राचा आतला भाग गोलसर असतो आणि कडा शाबूत. मार बसलेल्या जागी टवके उडालेले असतात, कडा वेड्यावाकड्या, बऱ्याचदा मध्यापासून बाहेर फाकलेल्या भेगा. ठरावीक अंतरावर ओळीनं भोकं असतील तर ती बहुधा बांधकामाच्या परांचीची.

भर दुपारी समोरून काढलेल्या फोटोत खळगा सपाट होऊन जातो. ऊन भिंतीला घासून जाईल ती वेळ गाठा. ऊन येतच नसेल तर टॉर्च बाजूनं, भिंतीलगत धरा. बरेच फोटो जोडून त्रिमितीय मॉडेल करायचं असेल तर मात्र नेमकं उलटं: सरकत्या सावल्या नकोत, आभाळ भरून आलेलं चांगलं. तिथं एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवू नका, पावलापावलानं सरका. शेजारच्या दोन फोटोंत ६० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. झूमला हात लावू नका.

काळा दगड समोर आला की कॅमेरा फोटो आपोआप उजळ करतो, पाषाण राखाडी दिसतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, हातानं ठरवा. मोजपट्टी खळग्याच्या कडेला, दगडाच्याच पातळीत ठेवा. एक फोटो पट्टीशिवायही घ्या.

उठाव यावा म्हणून खडू फिरवणं, पाणी मारणं, शेवाळ खरवडणं हे कृपा करून कुणीच करू नये. ती खूण परत मिळत नाही.

वास्तू संरक्षित असेल तर ट्रायपॉड आणि ड्रोनची परवानगी आधीच घ्या. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ नोंद म्हणून ठेवू नका. त्यात बारकावे दबतात, आतली तारीख आणि ठिकाणही पुसलं जातं. कॅमेऱ्यातली फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी साठवा.