फेरीबोट अडखळते कुठे? वेबपानावरच्या ॲनिमेशनमधल्या या चुका टाळा

पावसाळा म्हणजे गोव्यातल्या होमस्टेवाल्यांचा वेबसाइट नवी करून घेण्याचा काळ. ऑक्टोबरात हंगाम सुरू व्हायच्या आत सगळं तयार हवं असतं. समजा, पहिल्याच पानावर पणजी-बेती फेरीबोटीचं चित्र मांडवीतून सरकतं आहे. डिझायनरच्या लॅपटॉपवर बोट छान चालते, दुसऱ्या ब्राउझरात थरथरते, पाहुण्याच्या आयफोनवर गचके खाते. मग खापर ब्राउझरवर फुटतं. बहुतेक वेळा दोष सीएसएसमध्येच, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्येच असतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बोट ‘लेफ्ट’ने, म्हणजे डावीकडचं अंतर बदलत सरकवणं. 400 पिक्सेल 20 सेकंदांत कापायचे, म्हणजे सेकंदाला 20 पिक्सेल. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं (फ्रेम) दाखवणाऱ्या स्क्रीनवर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश पिक्सेल येतो. ‘लेफ्ट’ने हलवलेली वस्तू रंगवताना ब्राउझर ती पूर्ण पिक्सेलवर बसवतो. त्यामुळे साध्या मॉनिटरवर बोट दोन फ्रेम जागेवरच, तिसऱ्या फ्रेमला एक उडी. शिवाय प्रत्येक फ्रेमला मांडणीचा हिशेब नव्याने, तोही 16.7 मिलिसेकंदांत. स्वस्तातला फोन इथेच दमतो. ‘ट्रान्सफॉर्म’मधलं ‘ट्रान्सलेट-एक्स’ वापरा: ते अपूर्णांक सांभाळतं आणि मांडणीला हात लावत नाही. ‘टॉप’, ‘विड्थ’, ‘हाइट’ यांनाही हेच लागू.

पण हालचाल सुरळीत व्हावी म्हणून सगळ्या घटकांवर ‘विल-चेंज’ (हा घटक बदलणार आहे, अशी ब्राउझरला आगाऊ सूचना) शिंपडू नका. त्याने घटकाला स्वतंत्र थर मिळतो आणि थराला मेमरी लागते. 1000 बाय 1000 पिक्सेलचा थर साधारण 4 एमबी खातो. गॅलरीत असे 40 फोटो असले तर 160 एमबी गेले. हलणार आहे त्यालाच लावा, हलून झालं की काढा.

बोट कुठे दुप्पट वेगाने पळते, कुठे रेंगाळते? जावास्क्रिप्टमध्ये ‘दर फ्रेमला 2 पिक्सेल’ असं लिहिलेलं असणार. 120 हर्ट्झच्या अँड्रॉइडवर ती दुप्पट धावते. आयफोन लो पॉवर मोडवर असला की सफारी 30 फ्रेमवर येतो आणि बोट अर्ध्या वेगाने जाते. ब्राउझरचा ‘रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम’ दर फ्रेमला जी वेळ हातात देतो, तिच्यावरून अंतर काढा. दर 16 मिलिसेकंदांनी वाजणारा ‘सेट-इंटरव्हल’ टायमर हा उपाय नव्हे. त्याचा ठेका स्क्रीनशी जुळत नाही.

थरथर वेगळी, पानाने मारलेली उडी वेगळी. फोटोंना ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ दिलेली नसली तर फोटो उतरताक्षणी खालचा मजकूर ढकलला जातो. मोबाइलवर पत्त्याची पट्टी आत-बाहेर होते, तेव्हा ‘100 व्हीएच’चा, म्हणजे पूर्ण स्क्रीनच्या उंचीचा बॅनर बेताल होतो, तिथे ‘100 एसव्हीएच’ (पट्टी दिसत असतानाची उंची) द्या. विंडोजवर बुकिंगची खिडकी उघडताना पान उजवीकडे सरकतं, कारण सुमारे 15 ते 17 पिक्सेलची स्क्रोलपट्टी नाहीशी होते. तिची जागा राखून ठेवायला ‘स्क्रोलबार-गटर’ला ‘स्टेबल’ द्या. मॅकवर हे सहसा दिसत नाही, पण साधा माउस जोडून पाहा, तिथेही पट्टी जागा अडवायला लागते!

तपासताना क्रोमच्या डेव्हटूल्समधल्या (ब्राउझरातल्याच तपासणीच्या साधनांमधल्या) परफॉर्मन्समध्ये सीपीयू 4 पट मंद करा आणि रेंडरिंगमधलं ‘पेंट फ्लॅशिंग’ चालू ठेवा. बोटीभोवती हिरवा चौकोन सारखा लुकलुकत असेल तर ती दर फ्रेमला नव्याने रंगते आहे. एका वेळी एकच बदल करा. आयफोनवर क्रोम उघडून ‘दोन ब्राउझर तपासले’ असं समजू नका. आपल्याकडे आयफोनवरचा क्रोमही आतून सफारीच्याच वेबकिट इंजिनावर चालतो. खरा दुसरा ब्राउझर हवा तर अँड्रॉइडवर फायरफॉक्स घाला. आणि ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवली आहे, त्यांच्यासाठी ‘प्रीफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ लिहून बोट धक्क्यालाच उभी ठेवा.