बाल्कनीत बसणारा एफएम अँटेना घरी कसा करावा

पुण्यात सदाशिव पेठेतून बावधनला राहायला आलो आणि आईच्या रेडिओवरची विविध भारती खरखरायला लागली. पेठेत ती १०१ एफएमवर नुसती दांडी वर केली की स्वच्छ लागायची. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी किंवा उंच इमारत आली की त्यांचा जोर ओसरतो. अशा वेळी नवा रेडिओ आणून फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो अँटेनाने, आणि तो दुपारभरात घरी होतो.

आधी माप

सगळं यश मापात आहे, म्हणून इथे घाई नको. १०१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २.९७ मीटर, तिची अर्धी १.४८. धातूच्या नळीत ती साधारण पाच टक्के आखूड धरतात, म्हणजे १४१ सेंटीमीटर. लक्षात ठेवायला सोपं: १४३ ला स्टेशनच्या आकड्याने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. एफएमचा पट्टा ८८ ते १०८, त्यामुळे १०१ साठी कापलेल्या अँटेनावर बाकीची स्टेशनंही चालतात.

सामान

बोहरी आळीत १० मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची नळी मिळते. तिचे ७०-७० सेंटीमीटरचे दोन तुकडे कापून घ्या. तपकीर गल्लीतून डिशसाठी वापरतात ती ७५ ओहमची केबल, दोन थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची, स्क्रूसाठी भोक असलेली धातूची पट्टी) आणि चिकटपट्टी आणा. फूटभर लाकडी पट्टी, नळ्या धरायला चार क्लिपा, दोन स्क्रू-नट-वॉशर आणि एम-सील लागेल. बूस्टर घेऊ नका. तो सिग्नलबरोबर खरखरही वाढवतो.

जोडणी

पट्टीवर दोन्ही नळ्या एका रेषेत ठेवा, मध्ये एक-दीड सेंटीमीटर फट सोडा आणि क्लिपांनी घट्ट बसवा. दोन्ही नळ्या एकमेकींना अजिबात टेकता कामा नयेत.

फटीकडच्या टोकाला प्रत्येक नळीत आरपार भोक पाडा. केबल चार सेंटीमीटर सोला. बाहेरची जाळी मागे सारून पिळा, आतली तार मोकळी करा. तार एका नळीला, जाळी दुसरीला. इथे सोल्डरिंगच्या नादी लागू नका: अॅल्युमिनियमवर साधं कथील धरत नाही, आणि या केबलची जाळीही बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचीच असते. थिंबल दाबून बसवा. त्याआधी नळीचा तेवढा भाग पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, मग स्क्रू आवळा. मी पहिल्यांदा घासायचा कंटाळा केला होता. वाऱ्याने अँटेना हलला की आवाज जायचा.

जोडणीच्या खालीच केबलचे पाच-सहा वेढे घाला, ताटलीएवढे, आणि चिकटपट्टीने बांधा. त्यामुळे केबल स्वतः अँटेनासारखी वागत नाही. शेवटी जोडावर एम-सील थापा. पुण्याच्या पावसात उघडा जोड टिकत नाही.

रेडिओला लावणं

म्युझिक सिस्टीमच्या मागे ७५ ओहमचं भोक असेल तर त्याला बसणारा कनेक्टर केबलला लावा. आईचा रेडिओ साधा, बॅटरीवरचा. तिथे आतली तार क्रोकोडाइल क्लिपने दांडीला लावली आणि जाळी मोकळीच ठेवली, तरी फरक लगेच कळला.

दिशा

असा दोन नळ्यांचा अँटेना, म्हणजे डायपोल, बाजूने ऐकतो, टोकांनी नाही. स्टेशन ज्या दिशेला असेल तिला नळ्या काटकोनात हव्यात. आधी आडवा धरून हळूहळू फिरवा, मग उभा करून बघा. कधीकाळी वाड्यांच्या पत्र्यांवरून टीव्हीचे अँटेना सिंहगडावरच्या टीव्ही मनोऱ्याकडे वळवताना खालून "आलं, आलं" अशी हाक यायची, तीच पद्धत. आमच्याकडे आई आत रेडिओपाशी, मी बाल्कनीत. फार तर वीतभर सरकवल्यावर ती म्हणाली, "बास, आता हात लावू नकोस." तिथेच ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला लाकडी दांडीवर बांधला. ग्रिलपासून निदान हातभर लांब ठेवा, लोखंड सिग्नल खातं.

विजेच्या तारांजवळ अँटेना कधीही नेऊ नका, बांधतानाही नाही. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागण्याआधीच केबल रेडिओपासून काढून ठेवा.

दिवाळीच्या साफसफाईत एकदा जोड बघा. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली तर उघडून पुन्हा घासा, आवळा, नवं एम-सील लावा.