"तुम्ही आता नुसता आराम करा" म्हणता म्हणता आपण काय करून बसतो (या चुका टाळा)

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. गोव्यात फोंड्याला राहते, बाबा 78 वर्षांचे, आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात, आणि खाली लिहिलेल्या निम्म्याहून जास्त चुका मी स्वतः केल्यात, त्यामुळे कोणाला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये.

बाबा मूळचे पेडण्याकडचे, रिटायर्ड मास्तर. त्यांना गावात एकटं कसं ठेवायचं म्हणून फ्लॅटवर आणलं आणि आणल्या आणल्या त्यांची सगळी कामं काढून घेतली. पोदेरासाठी पिशवी गेटला अडकवायची, तो पाव टाकून जातो, कोणी खाली उतरायला नको. नुस्तं, म्हणजे मासे, व्हॉट्सॲपवर सांगितलं की साफ करून घरपोच. लाइट बिल फोनवरून. बाबांनी फक्त जेवायचं, गोळ्या घ्यायच्या आणि टीव्ही बघायचा. सगळ्या नातेवाइकांनी कौतुक केलं, बापाला कसं फुलासारखं जपलंय म्हणून. आणि आठ-नऊ महिन्यांत बाबा वाक्य अर्ध्यावर सोडायला लागले, नावं आठवेनात, सगळं "ते हे" आणि "आपलं ते" यावर आलं.

चूक पहिली, आणि सगळ्यात गोड चूक: कामं काढून घेणं

गावात बाबा रोज नुस्त्याला जायचे. त्या अर्ध्या तासात डोकं किती चालायचं ते मला नंतर कळलं. कल्ला उघडून बघायचा, बांगडा आजचा की बर्फातला, काल मासेवालीने वाटा कितीला दिला होता ते आठवायचं, "मास्तर, तुमकां म्हूण दितां" (तुम्ही म्हणून देते) म्हणाली की तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचं अजून खाली येईल की नाही, मध्येच तिच्या शिपवरच्या जावयाची चौकशी, सुटे पैसे मोजायचे, आणि परतीच्या वाटेवर चार जण भेटणार, त्यांची नावं, कोणाच्या घरात काय झालंय, आणि कोणाशी आपलं बोलणं बंद आहे तेसुद्धा लक्षात ठेवायचं! ऐकणं, आठवणं, शब्द शोधणं, समोरच्याचा मूड ओळखणं, हे सगळं एकाच वेळी. मी घरी सुडोकूचं पुस्तक आणून दिलं होतं, ते अजून कोरं आहे.

मेंदूला आयुष्यभर असं काम मिळत राहिलं की त्याची थोडी शिल्लक साठते, म्हणजे पुढे आत बिघाड सुरू झाला तरी तो बराच काळ निभावून नेतो, संशोधक याला कॉग्निटिव्ह रिझर्व्ह म्हणतात. शिवाय बाहेर पडलं की चालणं होतं, मन हलकं राहतं, आणि "मास्तर आज काहीतरी वेगळे दिसतात" हे घरच्यांच्या आधी बाजारातल्या माणसाच्या लक्षात येतं. स्टॉकहोममध्ये 1200 वर वृद्धांचा अभ्यास 2000 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात ज्यांचा लोकांशी संबंध तोकडा होता त्यांना डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका साधारण 60 टक्के जास्त निघाला. लॅन्सेटच्याच तज्ज्ञांच्या कमिशनने 2024 मध्ये टाळता येण्यासारख्या 14 कारणांची यादी दिली, बीपी, शुगर, सिगरेट वगैरे, आणि त्यात एकटेपणाने तुटून राहणं हेही आहे. ही चौदाच्या चौदा कारणं काढून टाकता आली तर जगातल्या साधारण 45 टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशोब आहे, त्यात एकटं पडण्याचा वाटा 5 टक्के.

आता याचा अर्थ माणसांत राहिलं की डिमेन्शिया होणारच नाही असा घेऊ नका, तीही एक चूकच. गावभर गप्पा मारणाऱ्यांनाही होतो. आणि उलटंही असतं, आजार सुरू होताना माणूस आधी स्वतःच माणसांतून अंग काढून घेतो, त्यामुळे यातलं आधी काय आणि नंतर काय हे संशोधकांनाही सोडवायला कठीण जातं. हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे लगेच पोरांवर खापर फुटतं. 2001 साली गोव्यातल्याच एका अभ्यासात संशोधकांनी लोकांना विचारलं होतं, तेव्हा डिमेन्शियाची लक्षणं लोकांना बरोबर ओळखता येत होती पण हा आजार आहे असं वाटत नव्हतं, एकतर वय झालं म्हणायचे नाहीतर मुलं बघत नाहीत म्हणायचे. अजून तेच ऐकू येतं की नाही सांगा.

मग आम्ही काय बदललं? पिशवी गेटवरून काढली. सकाळी पोदेराचा हॉर्न वाजला की बाबा खाली जातात, लिफ्टने जातात, हरकत नाही. खाली अजून तीन-चार म्हातारे पावासाठी उभे असतात आणि पाव पाच मिनिटांत घेऊन झाले तरी हे लोक अर्धा तास वर येत नाहीत. नुस्तंसुद्धा आठवड्यातून दोनदा बाबा आणतात, कधीकधी फसवून घेऊन येतात, मी काही बोलत नाही. (एकदा बोलले होते, मग आठवडाभर कोणी नुस्त्याला गेलं नाही.)

"बाबांना भजनाची आवडच राहिली नाही" असं मला वाटलं होतं

ही माझी सगळ्यात मोठी चूक. गावी बाबा भजनात झांज धरायचे, इकडे जवळच्या देवळात दर गुरुवारी भजन असतं, दोन गुरुवार गेले आणि बंद. विचारलं तर "तिथे काही राम नाही". मी म्हटलं असेल बाबा, वयाप्रमाणे आवडी बदलतात. सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या भाऊंकडून कळलं काय झालं होतं ते. गवळण चालू होती, बुवांनी थांबायची खूण केली, सगळे थांबले आणि बाबांची झांज एकटीच वाजत राहिली. मागे बसलेली पोरं हसली. बाबांनी झांज खाली ठेवली, आरती होईपर्यंत मान खाली घालून बसले, आणि मग कधी गेले नाहीत.

म्हणजे कानांचा प्रॉब्लेम होता हो! घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, फोनवर "हां हां" करून माझ्याकडे द्यायचे, चार माणसं बसली की उठून खोलीत जायचे, सगळं डोळ्यांसमोर होतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा मेंदू नुसता आवाज लावण्यातच दमतो, लक्षात ठेवायला ताकद उरत नाही, आणि मग सारखं "काय? काय?" विचारायची लाज वाटून माणूस माणसं टाळतो. मघाच्या त्या यादीत ऐकू कमी येण्याचा वाटा 7 टक्के आहे, एकटेपणापेक्षाही जास्त. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांना घेऊन एक मोठी ट्रायल झाली, 2023 मध्ये रिझल्ट आला. सगळ्यांचा मिळून बघितला तर कानाच्या मशीनने खास फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता अशा गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण 48 टक्के कमी झाली.

पण मशीन घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. आम्ही पहिलं मशीन एका दुकानातून घाईत घेतलं, कान नीट तपासलेही नाहीत त्यांनी, आणि ते महाग मशीन बाबांच्या सुपारीच्या डब्यात जाऊन बसलं. हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं: पहिल्यांदा ईएनटी म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून मळ साचलाय का बघून घ्यायचं, कधीकधी तेवढ्यानेच भागतं. मग ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), मग मशीन, आणि ते घेतल्यावर दोन-तीन वेळा परत जाऊन सेटिंग करून घ्यायचंच. सुरुवातीला भांडी, पंखा, पेपरची पानं, सगळंच कर्कश वाटतं, मेंदूला सवय व्हायला आठवडे जातात, म्हणून पहिले दिवस घरात, शांततेत, एका माणसाशी बोलताना लावायचं. थेट लग्नाच्या हॉलमध्ये किंवा जत्रेत नेलंत तर ते मशीन परत कधी कानाला लागणार नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ईएनटी विभाग आहे, तिथूनही सुरुवात करता येते. आणि आपण बोलताना समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलायचं, किचनमधून ओरडायचं नाही. हे मला अजून जमत नाही.

बाहेर जायला तयारच नसतील तर

"चला बाबा, फिरायला" असं शंभरदा म्हणण्यापेक्षा अडतंय कुठे ते शोधा, कारण ते स्वतः सांगणार नाहीत. लघवी. खरंच, यावर कोणी बोलत नाही पण कित्येक म्हातारी माणसं देवळात किंवा लग्नाला याच भीतीने जात नाहीत, तिथे बाथरूम कुठे असेल, वेळेत पोहोचेन की नाही. डॉक्टरांना सांगितलं तर यावर उपाय असतात, आणि जाण्याआधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवलं तरी अर्धी भीती जाते. दुसरं म्हणजे कवळी, सैल झाली असेल तर चारचौघांत खायला आणि हसायला लाजतात. मोतीबिंदूमुळे संध्याकाळी पायऱ्या दिसत नाहीत, गुडघे दुखतात, जमिनीवर मांडी घालून बसता येत नाही आणि खुर्ची मागायला संकोच वाटतो (आम्ही देवळात एक प्लास्टिकची खुर्चीच नेऊन ठेवली, आता त्यावर बसायला भांडणं आहेत). आणि खिशात पैसे नसणं! पेन्शन पोरगा काढतो, मग चहा कोणी पाजला तर परत पाजायचा कसा?

आणि प्रत्येकाला क्लब, सहल, गाण्याच्या भेंड्या आवडतात असंही नाही. माझ्या मावशीला गर्दीचा वैताग येतो, तिला एकच मैत्रीण आहे, दोघी रोज दुपारी सोप्यावर (ओसरीवर) बसून आख्ख्या वाड्याची उजळणी करतात. तिला तेवढं भरपूर आहे.

परीक्षा घेणं

"ओळखा पाहू मी कोण?" "काल कोण आलं होतं सांगा?" प्रेमाने विचारतात सगळे, पण चार पाहुण्यांसमोर उत्तर चुकलं की माणूस पुढच्या वेळी बाहेरच येत नाही. त्यापेक्षा आपणच सांगून टाका, "मी डिचोलीची सुमन, तुमच्या बहिणीची सून". तारीख-वार चुकले तर लगेच दुरुस्त करायलाच हवं असं काही नाही.

सासूबाईंना बोलावणं बंद झालं

हे बायकांच्या बाबतीत होतं. सासरे गेल्यावर सासूबाईंना हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, "त्यांना वाईट वाटेल" म्हणून. त्यांना न बोलावल्याचंच वाईट वाटत होतं. एकाच वर्षात नवरा गेला आणि त्याबरोबर पन्नास वर्षांच्या मैत्रिणीही गेल्या, हे कुठल्या शास्त्रात बसतं मला माहीत नाही. आता चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी नेवऱ्या (करंज्या) करायला शेजारच्या चौघी आमच्याकडे बसतात आणि मुरड घालायचं काम सासूबाईंचं, दुसऱ्या कोणाची मुरड त्यांना पसंत पडत नाही, त्यावरून जी बोलाचाली होते ती ऐकण्यासारखी असते.

"वय झालं" म्हणून सोडून देणं

गप्प बसणं, झोप उडणं, जेवण कमी होणं, कशातच रस नसणं, हे डिप्रेशन असू शकतं, थायरॉइड असू शकतो, बी-12 कमी असू शकतं, आणि यांवर इलाज आहे. नेहमीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा हिशोब न लागणं, तीच गोष्ट तासाभरात चारदा विचारणं सुरू झालं तर डॉक्टरांकडे जाच. आणि एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला तर वाट बघू नका, त्याच दिवशी न्या, इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम बिघडणं किंवा स्ट्रोक काहीही असू शकतं. आपल्याच गोव्यात साठीवरच्या 181 जणांवर एक ट्रायल झाली होती, 2019 मध्ये छापून आली, सगळ्यांना थोडी उदासी होती पण पूर्ण डिप्रेशन नव्हतं. त्यातल्या निम्म्या लोकांशी साध्या, ट्रेनिंग दिलेल्या स्थानिक माणसांनी ठरवून बोलणं केलं, अडचणी कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, मदत कुठे मिळेल. वर्षभरात त्यांच्यात डिप्रेशन साधारण 4 टक्के लोकांना झालं, बाकीच्यांत 14 टक्के. घरात बोलायला कोणीच नसेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही सरकारी हेल्पलाइन आहे.

फॉरेनवरून दोन मिनिटांचा फोन

माझा दादा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. दर रविवारी फोन. "बाबा जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवतो." यात बाबांना "हो" सोडून दुसरा शब्दच बोलायला नको. अमेरिकेत 75 वर्षांवरच्या, माणसांपासून तुटलेल्या लोकांवर प्रयोग झाला, एका गटाला आठवड्याला दहा मिनिटांचा चौकशीचा फोन, दुसऱ्या गटाशी आठवड्यातून चार वेळा अर्धा-अर्धा तास व्हिडिओवर खऱ्याखुऱ्या गप्पा. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटाचे बुद्धीच्या चाचणीतले मार्क थोडे वाढले. थोडेच, पण वाढले.

मी दादाला सांगितलं, चौकशी करू नको, त्यांच्याकडे काहीतरी माग. गेल्या चवथीला स्विंडनमध्ये त्यांनी गणपती बसवला आणि घुमट (आपलं कातडं लावलेलं मातीचं वाद्य) वाजवत घुमट आरती करायची ठरली, पण ठेका कोणालाच नीट येत नव्हता. बाबा व्हिडिओ कॉलवर डायनिंग टेबलावर बोटांनी ठेका धरून दाखवत होते, मध्ये थांबून पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे आणि आता बंदी म्हणून बकऱ्याचं लावतात, मग आवाजात काय फरक पडतो, ते सांगत होते, आणि दादा चुकला की "परत, परत, घाई करू नको" असं शाळेत ओरडायचे तसं ओरडत होते. पन्नास मिनिटं झाली. दादा म्हणाला बाबा आता ठेवतो, ड्युटीवर जायचंय. तर म्हणे, उद्या कर, अजून तिसरी आरती राहिली आहे.