ज्यू सणांच्या तारखा काढताना या चुका टाळा

गणपती बसले की माझा फोन वाजायला लागतो. "रोश हशाना कधी आहे? फक्त तारीख सांग." या 'फक्त तारीख'मुळेच निम्मे घोटाळे होतात. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. रोश हशाना हे आमचं नवं वर्ष. नातेवाईक इस्राएलमधल्या अश्दोद, दिमोना, लोदपासून टोरांटोपर्यंत पांगलेले. या सगळ्यांसाठी गेली बावीस वर्षं मी सणांचा तक्ता काढतो आहे, आणि चुका दरवर्षी त्याच असतात.

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दिवस मध्यरात्री बदलतो असं धरून चालणं. आपल्या पंचांगातला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, हिब्रू दिवस सूर्यास्ताला. २०२६चा योम किप्पूर, म्हणजे आमचा मोठा उपास, छापील कॅलेंडरात २१ सप्टेंबरला, सोमवारी दिसतो. पण उपास रविवारी, २० तारखेला, सूर्य मावळण्याआधीच सुरू होतो आणि सोमवारी रात्री चांदण्या दिसल्यावर सुटतो. सोमवारी सकाळी उठून उपास धरणाऱ्याचा निम्मा दिवस केव्हाच सरलेला असतो.

ही चूक आमच्या घरात अकरा वर्षं चालली. माझे मामा २० मार्च २००८ रोजी वारले. तारीख एका वेबसाइटवर टाकली, उत्तर आलं १३ अदार (अदार हा हिब्रू महिना). त्या तिथीला आम्ही वर्षाची हश्काबा, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला लागलो. मामी मात्र दरवर्षी म्हणायच्या, "अरे, ते होळीच्या सणाच्या रात्री गेले." मी त्यांना समजवायचो, "मामी, त्या वर्षी होळी २१ तारखेला होती." त्या गप्प बसायच्या. २०१९मध्ये घराच्या कागदपत्रांसाठी मृत्यूचा दाखला बाहेर काढला. त्यावर वेळ होती संध्याकाळी ७ वाजून २० मिनिटं. ठाण्यात मार्चच्या त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. म्हणजे मामा गेले तेव्हा १४ अदार लागला होता, पुरीमचा सण सुरू झाला होता. आणि आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी पुरीमचं नावच 'होळीचा सण'. मामी पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होत्या. त्यांच्यासमोर बसून मी माफी मागितली, पण ती अकरा वर्षं काही परत आली नाहीत.

तेव्हापासून कुणी तिथी काढून मागितली की मी आधी विचारतो, दिवेलागण झाली होती का? नक्की आठवत नसेल तर दाखला मागवतो. लोक कंटाळतात, "एवढं काय त्यात" म्हणतात. एवढंच तर आहे त्यात.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या जगाला एकच तक्ता लावणं. पूर्वी जेरुसलेममध्ये साक्षीदारांनी कोर पाहिल्याचं सांगितल्यावर महिना जाहीर व्हायचा आणि निरोप्ये गावोगाव जायचे. दूरच्या वस्त्यांना निरोप वेळेत पोचेल याची खात्री नसे, म्हणून त्या सणाचा एक दिवस जास्त पाळू लागल्या. पुढे पंचांग गणितावर आलं तरी ती रीत टिकली. म्हणून पेसाह, ज्या सणात पाव चालत नाही, तो इस्राएलमध्ये सात दिवसांचा आणि ठाण्यात आठ दिवसांचा. २०२६मध्ये दोन्हीकडे सण १ एप्रिलच्या संध्याकाळी बसतो. दिमोनाचा मावसभाऊ ८ तारखेच्या रात्री पाव खायला मोकळा होतो, आम्ही ९ तारखेच्या रात्री. शावुओतचा सण तिकडे एक दिवस, इकडे दोन. २०२५मध्ये सिम्हात तोराचा सण इस्राएलमध्ये १४ ऑक्टोबरला झाला, आपल्याकडे १५ला. रोश हशाना मात्र दोन्हीकडे दोनच दिवस, तिथे फरक शोधू नका. पुरीमचा मामला आणखी वेगळा: जेरुसलेममध्ये तो एक दिवस उशिरा, १५ अदारला होतो.

व्हॉट्सॲपवर तिकडून आलेला सुंदर छापील तक्ता लोक डोळे झाकून इकडे फिरवतात, ते मला अजिबात पटत नाही. तो देणाऱ्याने प्रेमाने दिलेला असतो, पण त्याच्या गावासाठी. फोनमधल्या ॲपमध्ये 'इस्राएल' आणि 'इस्राएलबाहेर' अशी निवड असते. ती एकदा उघडून बघायला मिनिटही लागत नाही.

वेळेचंही तसंच. सण जेरुसलेममध्ये सुरू झाला म्हणजे ठाण्यात सुरू झाला असं नसतं. प्रत्येक गावाचा सूर्य वेगळा. शब्बाथचे (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे) दिवे शुक्रवारी बहुतेक ठिकाणी सूर्यास्ताआधी १८ मिनिटं लावतात, जेरुसलेममध्ये ४० मिनिटं आधी.

आता मराठी माणसाची खास चूक. २०२४मध्ये योम किप्पूर आणि दसरा एकाच दिवशी आले, १२ ऑक्टोबरला. २०२५मध्ये पुन्हा तेच, २ ऑक्टोबरला. झालं, "तुमचा दारफाळणीचा सण (योम किप्पूर) दसऱ्यालाच असतो ना" असं शेजारी ठामपणे सांगू लागले. ते अगदीच चूक नाहीत. योम किप्पूर म्हणजे हिब्रू तिश्री महिन्याची दहावी आणि दसरा म्हणजे आश्विनाची दशमी, दोन्ही चंद्रावरच मोजलेल्या. पण जुळणी कायमची नाही. मराठी पंचांगात अधिक मास घालतात तसा हिब्रू पंचांगात जास्तीचा अदार घालतात, १९ वर्षांत सात वेळा, ठरलेल्या क्रमाने. दोन्ही पंचांगांत जास्तीचा महिना एकाच वर्षी येतो असं नाही. २०२६मध्ये मराठी पंचांगात अधिक ज्येष्ठ आला, हिब्रू वर्ष साधंच होतं. म्हणून योम किप्पूर २१ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला, जवळजवळ महिन्याचं अंतर. गेल्या वर्षाच्या तारखेवरून पुढची ताडणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवावेत.

इंग्रजी सनात ३७६० मिळवून हिब्रू वर्ष काढू नका. रोश हशानानंतर डिसेंबरअखेरपर्यंत ते एकने चुकतं.

अमावास्या पाहून रोश हशाना ठरवू नका. तो रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी येऊच देत नाहीत, गरज पडली तर पुढे ढकलतात.

अव या हिब्रू महिन्याच्या नवव्या दिवसाचा उपास शनिवारी आला तर रविवारी जातो. २०२२मध्ये तसं झालं आणि उपास सोडायचं बिरडं एक दिवस आधी शिजवलेली दोन घरं मला माहीत आहेत. या दिवशी शुभेच्छाही पाठवू नयेत, तो जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस आहे.

आता २०२७साठी. हिब्रू ५७८७ हे जास्तीच्या महिन्याचं वर्ष आहे, म्हणजे दोन अदार. पुरीम दुसऱ्या अदारमध्ये. ज्यांचं माणूस साध्या वर्षाच्या अदारमध्ये गेलं असेल, त्यांनी पहिला धरायचा की दुसरा हे आपल्या हजानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, विचारावं, कारण रिती वेगवेगळ्या आहेत. माझे मामा दुसऱ्या अदारमध्येच गेले, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न नाही. तरीही एका ॲपने मला त्यांच्यासाठी २१ फेब्रुवारी दाखवली. मी ती खोडून तक्त्यात हाताने लिहिलं आहे: सोमवार, २२ मार्च, सूर्यास्तानंतर. मामींना वाचूनही दाखवलं आहे.